जागा कुणाच्या नावावर?

मुंबईत जागेचा ताबा वेळेवर मिळत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. पहिला तक्रारदार म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. २३ जून १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर त्याला मुंबई बेट मिळालं. सह्या झाल्या, शिक्के उमटले. पुढच्या वर्षी सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन ताबा घ्यायला हजर झाला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयनं त्याच्या कागदपत्रांत खोट काढली. अधिकारपत्र हवं तसं नाही, म्हणाला. ताबा नाही म्हणून मुंबईत उतरता येईना. सुरतेला इंग्रजांचीच वखार होती, पण मोगल रागावतील या भीतीनं तिथलेही लोक त्यांना घेईनात. शेवटी ही फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली आणि रोगराईनं तिथंच झिजली. शिपमन १६६४ साली तिथंच वारला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याला एकदाचा ताबा मिळाला. डोना इग्नेस द मिरांडा या विधवा बाईंच्या मोठ्या घरात सह्या झाल्या आणि रिवाजाप्रमाणे कुकनं तिथली दगडमाती हातात घेऊन बुरुजांवरून फेरी मारली. मग लक्षात आलं की ताब्यात आलंय ते फक्त मुंबईचं बेट. माहीम आणि वरच्या अंगाची बेटं करारात नव्हतीच, असं पोर्तुगीजांचं म्हणणं. राजाचा मंत्री लॉर्ड क्लॅरेंडन याची तर मुंबई ब्राझीलच्या जवळपास आहे अशी समजूत होती, असं सांगतात.

तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजानं ही जागा ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं देऊन टाकली. भाडं वर्षाला दहा पौंड, सोन्यात.

रखडलेला ताबा, कागदात त्रुटी, ठरल्यापेक्षा कमी क्षेत्रफळ आणि शेवटी भाडेकरू! मुंबईत घर घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला पुढची साडेतीनशे वर्षं जे जे आलं, ते सगळं या पहिल्याच व्यवहारात आहे. म्हणून घरांच्या गमतीजमतींच्या या पुस्तकाची सुरुवात कुठल्या चाळीपासून किंवा सोसायटीपासून न करता मी या बेटाच्या ताब्यापासून केली.

त्याआधीही या बेटावर भाडेकरू होताच. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा आणि मुंबई बेट त्यानं पोर्तुगालच्या राजाकडून खंडानं घेतलेलं होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात आंब्याचं प्रकरण आहे. संवादाच्या ओघात नोकर येऊन वर्दी देतो, की तुमचं मुंबईचं कूळ सिमाव तोस्कानो आलाय आणि त्यानं गव्हर्नरला नजर करायला आंब्याची करंडी आणलीय. जहाज नांगरून तो मुक्कामाला इथंच येणार आहे, हेही नोकर सांगतो. मुंबईच्या भाडेकरूचं लिखित स्वरूपातलं हे फार जुनं दर्शन, आणि ते करंडीभर आंब्यांसकट घडतं. मालक आणि भाडेकरू यांच्यात इतका गोडवा पुढच्या काळात क्वचितच सापडतो. ओर्ताचं मुंबईतलं घर होतं त्याच जागी पुढे इंग्रजांचा किल्ला वाढला. डोना इग्नेस बाईंचं घरही तेच.

या पुस्तकात जे किस्से आहेत ते मी गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, दादर इथल्या माणसांकडून ऐकले आहेत. नावं मी वगळली आहेत, कारण त्यांतल्या कित्येकांचे खटले अजून चालू आहेत. किस्से ऐकताना एक गोष्ट मला सारखी जाणवत गेली. मुंबईत जागेच्या कागदावरचा माणूस आणि त्या जागेत झोपणारा माणूस हे बहुतेक वेळा दोन वेगळे इसम असतात. कागद एकाचा, खोली दुसऱ्याची. घराचा विनोद या दोघांच्या मधल्या अंतरात जन्माला येतो. हे अंतर कायद्यानं, टंचाईनं, गरजेनं आणि कधी कधी केवळ मायेनं तयार झालेलं आहे. ते समजल्याशिवाय किस्सा नुसता किस्सा राहतो, आणि तसं होऊ नये म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

चाळींपासून सुरुवात करू. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारला गरिबांच्या वस्तीची काळजी वाटू लागली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता आणि पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एका खोलीचं क्षेत्रफळ एकशे साठ चौरस फूट. आणि मग मुंबईच्या इतिहासात सहसा न घडणारी गोष्ट घडली. घरं तयार होती, पण राहायला माणूस येईना. भाडं कामगाराला परवडत नव्हतं, खोल्या कोंदट होत्या आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची. कित्येक चाळी रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारनं वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग उघडला. ज्यांना भाडं भरून तिथं राहायचं नव्हतं, त्या शहरातल्या कितीतरी लोकांना सरकारनं फुकटात तिथं ठेवलं. आज त्याच बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात एकशे साठ फुटांच्या खोलीबदली पाचशे फुटांचं घर मिळतं आणि पात्रतेच्या यादीत नाव लागावं म्हणून घराघरांत जुने कागद शोधले जातात.

याच बीडीडीनं बॅक बेमध्ये समुद्र हटवायला घेतला होता. खर्च फुगत गेला, भराव वाहून जाऊ लागला, आणि खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाच्या पारशी वकिलानं या कामातला भ्रष्टाचार जाहीरपणे मांडला. हार्वे या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. समुद्रात भराव घालण्याच्या उधळपट्टीविरुद्ध ज्या माणसानं आयुष्यातली उमेद खर्च केली, त्याचंच नाव पुढे भराव घालून तयार झालेल्या नरिमन पॉइंटला दिलं गेलं. देशातल्या सर्वांत महाग जागांपैकी ती एक ठरली. मला या माणसाविषयी फार आदर आहे, म्हणून या पुस्तकात त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

चाळीतल्या आयुष्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपात आली आणि चाळ हा मराठी माणसाचा हसण्याचा विषय कायमचा ठरला. मला इथं फक्त झोपण्याच्या जागांबद्दल थोडं सांगायचं आहे. एकशे साठ फुटांत आठ माणसं राहायची, तेव्हा रात्रीचा नकाशा दिवसाच्या नकाशापेक्षा वेगळा असे. म्हातारे खोलीत, मुलं कॉटखाली, तरुण मुलगे गॅलरीत. गॅलरीतल्या जागा ठरलेल्या असत आणि त्या वारसाहक्कानं जात. मोठ्या भावाचं लग्न झालं की त्याची गॅलरीतली जिन्याजवळची वाऱ्याची जागा धाकट्याला मिळे, आणि त्याला नवऱ्यामुलाइतकाच आनंद होई. नवं जोडपं घरात आलं की उरलेल्या कुटुंबाला अचानक रात्रीच्या शेवटच्या खेळाची आवड लागे. सासूबाई शेजारणीकडे झोपायला जात आणि शेजारीण कारण विचारत नसे. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' हा १९७० चा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे. त्यावरून बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' काढला. मुंबईतल्या एका खोलीची अडचण सगळ्या देशाला कळली, हे मला त्या काळच्या मराठी सिनेमाचं मोठं यश वाटतं.

परळच्या अशाच एका चाळीत, बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून जास्त काळ राहिले. मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं. घर बांधताना कुणी देवघराचा विचार करतो, कुणी दिवाणखान्याचा. बाबासाहेबांनी विचार केला पुस्तकांचा. ग्रंथ नीट राहावेत यासाठी त्यांनी आराखड्यात स्वतः लक्ष घातलं. घर कशासाठी हवं, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुठल्याही वास्तूत सापडलेलं नाही.

आता भाडं. जुने दादरकर सांगतात, की १९३० च्या दशकात शिवाजी पार्कच्या नव्या इमारतींवर 'टू लेट'च्या पाट्या लटकत असत आणि मालक भाडेकरूला रंग काढून देऊ का, एक महिना भाडं माफ करू का, असं विचारत. मग महायुद्ध आलं, पाठोपाठ फाळणी आली, शहर माणसांनी भरून वाहू लागलं आणि पाट्या उतरल्या त्या कायमच्या. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा या टंचाईवरचा उपाय होता. त्यात भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं. कायदा तात्पुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली, मिळत गेली, आणि तो १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. सगळ्या जगात भाव वाढले, सोनं वाढलं, वडापाव वाढला, पण गिरगावातल्या खोलीच्या भिंतीआड सप्टेंबर १९४० चालूच राहिला. गोठवलेलं भाडं वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही १९९७ मध्ये म्हटलं. नव्या कायद्यानं दर वर्षी चार टक्के वाढ दिली. तीस रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे.

या कायद्यानं भाडेकरूला छप्पर दिलं आणि ती फार मोठी गोष्ट होती. गिरणी कामगार, कारकून, शाळामास्तर यांना मुंबईत टिकून राहता आलं ते या कायद्यामुळे. पण तीस रुपयांत मालकानं छपराची कौलं बदलायची कशी? त्यानं दुरुस्ती सोडून दिली. मग १९६९ मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळाचा कायदा करून इमारतींवर उपकर बसवला, आणि शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती झाल्या. मुंबईकर त्यांना 'सेस बिल्डिंग' म्हणतो. बाहेरून टेकू लावलेली, आतून मोझेक टाइल्स घातलेली सेस बिल्डिंग तुम्ही पाहिली असेलच. टेकू मंडळाचा, टाइल्स भाडेकरूच्या. मालकाचं नाव तेवढं दाराच्या कमानीवर चुन्यात कोरलेलं.

मालक आणि भाडेकरूमधला सगळ्यात मजेदार खेळ मनीऑर्डरचा होता, आणि मी त्यावर या पुस्तकात बरीच पानं खर्च केली आहेत. भाडं थकवलं तर भाडेकरूला बाहेर काढता येई. म्हणून मालक भाडं घ्यायचंच टाळी. पैसे घेतले, पावती दिली, की समोरचा आपला भाडेकरू आहे हे कबूल केल्यासारखं होई. भाडेकरूला हे ठाऊक असे. तो दर महिन्याला न चुकता मनीऑर्डर करी, आणि दर महिन्याला 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ती परत येई. हा शेरा म्हणजे त्याचं कवच. ट्रंकेत लग्नपत्रिका, मुलांचे दाखले आणि नकाराच्या मनीऑर्डरींचा गठ्ठा एकाच दोऱ्यानं बांधलेला सापडतो. एका आजींनी मला सांगितलं, की त्यांच्या यजमानांना पगार झाल्यावर पहिली आठवण मनीऑर्डरची होई, आणि चुकून एखाद्या महिन्यात मालकानं ती घेतली तर घरात चिंता पसरे. आता हा कसला डाव टाकतोय, म्हणून! पोस्टमन दोन्हीकडचा असे. दिवाळीला पोस्त त्याला दोन्ही घरांतून मिळे.

खटले धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात चालत. आजोबांवर दावा लागे, बाप तारखांना जाई आणि नातू निकाल ऐके. मधल्या काळात मालकाचा नातू आणि भाडेकरूचा नातू एकाच शाळेत जाऊन मित्र झाल्याचे प्रसंग मला एकाहून जास्त ठिकाणी ऐकायला मिळाले. दोन्ही घरांत एकमेकांच्या लग्नाचं जेवण झालेलं असतं आणि दावा चालूच असतो. याला दुटप्पीपणा म्हणणारे लोक आहेत. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं. भांडण कागदाचं आहे, माणसाचं नाही, हे दोघांनाही समजलेलं होतं.

पागडीचा व्यवहार त्याच काळातला. भाडं बांधलेलं, जागेची किंमत मात्र वाढलेली. त्यामुळे खोली सोडणारा येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई आणि त्यातला ठरलेला वाटा, पुष्कळदा तेहतीस टक्के, मालकाला जाई. जुन्या कायद्यानं हा गुन्हा होता, म्हणून कागद कुठलाच नाही. आयुष्यभराची कमाई, बायकोच्या पाटल्या मोडून आणलेले पैसे, फुलांच्या पिशवीतून किंवा जेवणाच्या डब्यातून हातोहात जात, आणि शब्द पाळला जाई. १९९९ च्या कायद्यानं पागडीला मान्यता दिली तेव्हा या व्यवहाराला पहिल्यांदा कागद मिळाला. ज्या शहरात नोंदणी केलेल्या कराराचीही खात्री वाटत नाही, तिथं बिनकागदाचे इतके व्यवहार इमानानं पार पडले, हे मला विशेष वाटतं.

भाड्याच्या पावत्यांबद्दल अजून एक. पावती ज्याच्या नावे असे तो वारला तरी नाव बदलायला मालक सहसा तयार नसे. त्यामुळे खोलीत पणतू राहतोय आणि पावती पणजोबांच्या नावानं फाटतेय, असं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. गेलेला माणूस महिन्याच्या महिन्याला भाडं भरतोय. घरातली मंडळी ती पावती जपून ठेवतात. कायद्याची गरज म्हणून जपतात हे खरं, पण एक गृहस्थ मला म्हणाले, "वडिलांचं नाव अजून कुठंतरी चालू आहे, बरं वाटतं." हे वाक्य ऐकल्यावर या पुस्तकाचा सूर काय असावा, ते माझं ठरलं.

मुंबईत ज्याला खोलीही नव्हती त्याची सोय गावानं केली. गोव्याहून जहाजावरच्या नोकरीसाठी येणाऱ्या खलाशांसाठी धोबी तलाव, माझगाव भागात कूड निघाले, प्रत्येक गावाचा वेगळा. तिथं सभासदाची स्वतःची मालमत्ता म्हणजे भिंतीकडेला ठेवलेली त्याची ट्रंक. रात्री जमिनीवर अंथरूण, समोर गावच्या पाट्रनचा, म्हणजे रक्षक संताचा, आल्तार, आणि गावच्या फेस्ताच्या दिवशी मुंबईतही तेच फेस्त. बोटीवरून उतरलेल्या माणसाला ट्रंकेएवढी जागा पुरे झाली, कारण घर गावात होतं.

कोकणी चाकरमान्याचं उलट. त्याचंही घर गावात असतं, पण ते कुणाचं हे सातबारा वाचूनही कळत नाही. पणजोबांच्या नावाखाली आजोबा, त्यांचे चार भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, परदेशातली भाचरं अशी नावं उतरत जातात. घराच्या वळचणीची वासे-कौलं बदलायची तर कुणाला विचारायचं? मालक पन्नास आणि राहणारी एकटी काकू. गणपतीत मात्र सगळे हिस्सेदार येतात, पडवीत पथाऱ्या टाकतात, आणि वाटणीचा विषय आरतीनंतर निघतो आणि विसर्जनाबरोबर पुढच्या वर्षावर जातो. मला आढळलं, की जिथं वाटणी झाली तिथली घरं पडली आणि जिथं वाटणीचं भांडण चालू राहिलं तिथली घरं पुष्कळदा उभी राहिली, कारण प्रत्येक जण आपला हक्क राहावा म्हणून कौलांना पैसे पाठवत होता.

स्वतःच्या घराचा निराळा मार्ग मुंबईत एका सहकारी माणसानं शोधला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. एकट्याला न जमणारं घर सगळ्यांनी मिळून बांधायचं आणि सगळ्यांनी मिळून मालक व्हायचं, ही कल्पना इतकी साधी होती की आज तिचं नवल वाटत नाही. तरी बघा, सोसायटीतल्या सभासदाचा मालकीचा पुरावा म्हणजे भागपत्र, आणि त्यावर साधारणपणे पन्नास रुपयांचे पाच भाग असतात. दोन कोटींच्या फ्लॅटचा पुरावा अडीचशे रुपयांचा! बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांच्या शेजारी ठेवलेला हा अडीचशे रुपयांचा कागद मला तालमकींच्या विचाराची खूण वाटतो. त्यात घराची किंमत लिहिलेली नाही, संस्थेतला तुमचा वाटा लिहिलेला आहे.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेवर मराठीत विनोद खूप झाले. कोरम भरेपर्यंत तहकूब, मग अर्ध्या तासानं तीच सभा, गळतीवरून वरचा मजला विरुद्ध खालचा मजला, पार्किंगच्या पट्ट्या, कबुतरांना दाणे. मी या सभांकडे आदरानं बघतो. पाचशे फुटांचा मालक असलेला निवृत्त कारकून तिथं लेखापरीक्षण अहवालातल्या चाळीस रुपयांचा हिशेब मागतो आणि त्याला तो द्यावा लागतो. लोकशाहीचं शिक्षण आपल्याला या गच्चीवरच्या सभांनी दिलेलं आहे.

ओनरशिप फ्लॅटचा जमाना आल्यावर १९६३ साली मोफा कायदा झाला. सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यावं, असा त्याचा नियम आहे. चार महिन्यांची चाळीस वर्षं झाल्याची उदाहरणं मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली आहेत. फ्लॅट तुमचा, जिना तुमचा, पाण्याची टाकी तुमची, खालची जमीन मात्र अजून कुणाच्या तरी नावावर. हे इतकं सार्वत्रिक झालं की २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. क्षेत्रफळाचंही तसंच. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप या तीन शब्दांच्या मधल्या जागेत लिफ्ट, लॉबी आणि कित्येकांची झोप नाहीशी झाली. २०१७ मध्ये महारेरा आल्यापासून कार्पेटवर विक्री करावी लागते, म्हणजे भिंतींच्या आतली जागा किती, ते सांगावं लागतं. कुक साहेबांच्या वेळी महारेरा असतं तर माहीम करारात आहे की नाही हे तरी आधी कळलं असतं.

पुण्याच्या घरमालकांवर या पुस्तकात प्रकरण नाही, कारण तो प्रांत मोठा आहे आणि 'अशी ही बनवाबनवी' या १९८८ च्या चित्रपटानं तो आधीच जिंकलेला आहे. भाड्याची जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघांना बायकांचं सोंग घ्यावं लागतं, ही कल्पना मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मधली. पण अविवाहिताला खोली न देणारी मालकीण मराठी प्रेक्षकाला ओळखीची होती, म्हणून तो सिनेमा आजही घरोघरी पाठ आहे.

एक बदल मात्र मी आनंदानं नोंदवतो. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलतीसाठी का होईना, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आता बायका खुर्चीत बसून अंगठ्याचा ठसा देतात आणि नवरे मागं उभे राहून पाण्याची बाटली धरतात. मला भेटलेल्या आजींपैकी बहुतेकींनी साठ-साठ वर्षं एक खोली सांभाळली. पहाटे चारला उठून पाणी भरलं, भिंतींना रंग दिला, मनीऑर्डरच्या पावत्या दोऱ्यात बांधल्या, आणि त्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. जागा त्यांची होती, हे चाळीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. कायद्याला ते कळायला वेळ लागला.

हे पुस्तक इतिहासाचं नाही. तारखा आणि कायदे मी तपासून घेतले आहेत, पण किस्से ज्यानं सांगितले त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत, आणि सांगणाऱ्याला आपल्या खोलीची बाजू घ्यायचा अधिकार आहे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन कुटुंबांनी एकाच गळतीचे दोन इतिहास सांगितले, तिथं दोन्ही छापले आहेत. चाळी पडताहेत, मनोरे उभे राहताहेत, आणि नव्या घरात जाताना लोक पहिल्यांदा जुनी ट्रंक टाकून देतात. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरी ती ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी उघडा. भाडेपावत्या, नकाराच्या मनीऑर्डरी, सातबारा, भागपत्र, जे सापडेल ते बाजूला काढा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसून ही जागा आपल्याकडे कशी आली ते विचारून लिहून ठेवा.